पिल्लांची कोंबडी खालीच का झोपते?

दिवस मावळला की बाकीच्या कोंबड्या दांडीवर चढून बसतात. पिल्लांची कोंबडी मात्र खाली एखाद्या कोपऱ्यात पिसे फुलवून बसते. पिल्ले ढुशा देत पोटाखाली घुसतात. एखादे पंखातून डोके बाहेर काढून बघते आणि परत आत जाते. एखादे बाहेर राहिलेच तर टिपेला जाऊन ओरडते, मग कोंबडी घशातल्या घशात आवाज करत जराशी उठते आणि त्याला आत घेते. माणसाला तिच्यासाठी वेगळे खुराडे करावे लागले ते या सवयीमुळे.

सवय जुनी आहे. पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा. अंधारात या पक्ष्याला फारसे दिसत नाही, म्हणून रात्र झाडावर काढायची. पण नुकत्याच निघालेल्या पिल्लांना फांदी गाठता येत नाही आणि नुसत्या लवीवर अंगाची ऊबही टिकत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या रात्री आई झुडपाखाली जमिनीवर काढते. पिल्लांचे पंख लवकर फुटतात आणि ती फडफडायला लागली की खालच्या फांद्यांवर मुक्काम हलतो.

कोंबडी माणसाजवळ आली ती बहुधा धान्याच्या ओढीने. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली इ.स.पू. सुमारे १६५० ते १२५० या काळातली हाडे पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा मानली जातात, आणि तिथे भातशेती होती. पण ज्या धान्याने कोंबडी आली त्याच धान्याने उंदीर-घुशीही आल्या. दांडीवरच्या कोंबडीला उंदराचे फारसे भय नाही, पण पोटाखालचे पिल्लू तो ओढून नेतो.

रोमन शेतीलेखक कोलुमेला याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोंबड्यांवर बरेच लिहिले आहे. खुराडे हिवाळ्यातल्या सूर्योदयाच्या दिशेला तोंड करून बांधावे, भट्टीला किंवा स्वयंपाकघराला लागून असावे, म्हणजे धूर पक्ष्यांपर्यंत पोचेल, असा त्याचा सल्ला. (पिल्लांना धुराने काय फायदा होणार, ही शंका मला आहेच.) पण पिल्ले निघाल्यावर आईसकट त्यांना पिंजऱ्यात वेगळे बंद करावे, आणि एका कोंबडीकडे तीसहून जास्त पिल्ले देऊ नयेत, हे त्याचे सांगणे अनुभवाचे वाटते. तीसही मला जास्तच वाटतात. मध्यम अंगाच्या कोंबडीच्या पंखाखाली थंडीच्या रात्री दहा-बारा नीट मावतात.

पुढे युरोपात उतरत्या छपराची, पुढून पट्ट्या ठोकलेली छोटी लाकडी खुराडी रूढ झाली. पट्ट्यांच्या फटीतून पिल्ले आतबाहेर करत, कोंबडी आतच राही. त्यामुळे दवाने भिजलेल्या गवतातून ती पिल्लांना फरफटवत नसे. रात्री पुढे भोके पाडलेली फळी लावायची की झाले. वेताचे किंवा बांबूचे डालगे पालथे घालणे ही त्याहून सोपी युक्ती. वारा खेळता राहतो, डालगे उचलले की खालची जमीन झाडता येते, पण वर वजन ठेवायला विसरले की मांजर ते सहज उलटवते.

१८४४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिच इथे चार्ल्स बार्नार्ड याने जाळी विणायचे यंत्र केले आणि षटकोनी छिद्रांची तारेची जाळी सर्रास मिळू लागली. या जाळीने कोंबडी आत राहते, पण बाहेरच्याला ती अडवेलच असे नाही. मोठ्या छिद्रातून उंदीर सरळ आत येतो. पिल्लांसाठी बारीक छिद्रांची, जाड तारेचीच जाळी हवी.

दरम्यान आईलाच वजा करण्याचे प्रयत्न सुरू होते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूर याने १७४९ मध्ये ‘कृत्रिम आई’चे वर्णन केले. उबेच्या खोक्यात आतून मेंढीचे कातडे लावलेले, छत एका बाजूला उतरते, म्हणजे लहान पिल्लू अगदी आतपर्यंत शिरून पाठीला ऊब घेईल. पंखाखालचा अंधार त्याने बरोबर हेरला होता. पुढे दिवे आणि विजेच्या बत्त्या आल्या. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियसच्या आसपास, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी, असे आकडे रूढ झाले. अंड्यातला उरलेला बलक पिल्लाला दोन-तीन दिवस पुरतो, त्या भरवशावर १९१८ पासून अमेरिकेत पिल्ले टपालाने जाऊ लागली. उबवणी यंत्रांकडे गेली तशी खुडूक न होणाऱ्या, म्हणजे अंड्यांवर बसून न राहणाऱ्या, नुसत्या अंडी देणाऱ्या जाती वाढल्या. पिल्लांच्या कोंबडीसाठी लागणारे ते बुटके खुराडे मोठ्या व्यवसायातून गेले आणि चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांकडे तेवढे उरले.

तिथे चूक बहुतेक एकच होते. पिल्लांच्या कोंबडीला उंच, शिडीच्या घरात कोंबतात. आमच्याकडेही झाले होते. कोंबडी शिडी चढली, पिल्ले खाली रडत राहिली आणि पाच मिनिटांत ती उतरून शिडीच्या पायथ्याशी उघड्यावर बसली. शेवटी एक पेटी जमिनीवर ठेवून, खाली कोरडा भुसा घालून, दार लावून घेतले. पुढे काही आठवड्यांनी एका संध्याकाळी तीच कोंबडी पिल्लांकडे न बघता दांडीवर जाऊन बसली. काही पिल्ले तिच्यामागे उडाली, बाकीची पेटीच्या दाराशी ओरडत बसली. ती आम्ही एकेक उचलून दांडीवर नेऊन ठेवली.