बुरशी डांबरगोळीला भीक घालत नाही

जुलै उजाडला की संग्रहासाठी कीटक पिनवर टोचून पेटीत ठेवणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते: ‘पेटीत चार डांबरगोळ्या होत्या, तरी भुंग्यांवर पांढरं आलं.’ त्यावर सल्लाही ठरलेला, ‘आणखी चार टाका.’ हा सल्ला ऐकून कान किटले. डांबरगोळी किड्यांसाठी असते. बुरशीसाठी थायमॉल, म्हणजे आपलं ओव्याचं फूल. दोन्ही पांढरी, दोन्ही उग्र वासाची, दोन्ही हवेत उडून जाणारी, आणि दोन्हींचं वर्णन ‘पेटीत टाकायचं औषध’ असंच होतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

डांबरगोळी सगळ्यांच्या ओळखीची, तेव्हा तिच्याबद्दल थोडक्यात. ती मुळात नॅप्थलीनची असते. घट्ट झाकणाच्या पेटीत तिची वाफ साठते आणि बाहेरून आत येऊ पाहणारे किडे लांब राहतात. सुटी गोळी पेटीत कधीही टाकू नये. पेटी तिरकी झाली की ती गडगडते आणि वाटेतल्या सगळ्यांचे पाय-मिशा मोडत जाते. पिनचं डोकं मेणबत्तीवर तापवायचं, गोळीत खुपसायचं, आणि गार झाल्यावर ती पिन कोपऱ्यात टोचायची. पेटीचा तळ थर्माकोलचा असेल तर या वाफेने तो हळूहळू मऊ पडतो, खड्डे पडतात, पिना हलायला लागतात. त्याऐवजी पॅकिंगचा दाट पॉलिथीन किंवा ईव्हीए फोम घ्यावा. तान्हं बाळ असलेल्या खोलीत मात्र ही पेटी नकोच. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटतात. युरोपीय संघाने 2008 मध्ये कपड्यांत ठेवायच्या नॅप्थलीन गोळ्यांची विक्री थांबवली. आपल्याकडे त्या बाळाच्या दुपट्यांतही असतात!

ओव्याचं फूल काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एकत्र केलं की अमृतधारा होते, त्यातलंच हे. मोठे, पांढरट-पारदर्शक, ओव्याच्या वासाचे खडे. साधारण 50 अंशांना वितळतात. हाताने उचलू नयेत, कातडी भाजते, चिमटा वापरावा. ॲक्रिलिकचं झाकण आणि पेटीचं वार्निश यांच्याशीही त्याचं पटत नाही. किंमत, वास, उडून जायचा वेग असे बाकीचे फरक किरकोळ आहेत.

खरा प्रश्न आधीचा आहे. पेटीत जे ‘पांढरं’ दिसतंय ते नेमकं काय आहे? तीन वेगळ्या गोष्टींना लोक हाच एक शब्द वापरतात, आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ज्वेलर वापरतात तसलं दुमडतं भिंग पुरतं. त्याशिवाय पेटीला हात लावू नका.

पहिलं पांढरं बुरशीचं. ते कीटकाच्या अंगावर असतं आणि सांध्यांतून सुरू होतं: मिशांच्या बुडाशी, मांडी जिथे छातीला मिळते तिथे, तोंडाच्या आसपास, पोटाच्या वळ्यांमध्ये. भिंगाखाली पिंजलेल्या कापसासारखे धागे दिसतात. थोडं जुनं असेल तर धाग्यांच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखे बारीक हिरवट किंवा काळे ठिपके असतात. हे ठिपके म्हणजे पिकलेले बीजाणू. या अवस्थेत पेटीवर फुंकर मारली तर एका भुंग्याची बुरशी चाळीस भुंग्यांवर जाते.

दुसरं पांढरं म्हणजे भुगा. तो अंगावर नसतो, अंगाखाली असतो. पिनभोवती, बरोब्बर त्या कीटकाच्या खाली, पिठाची छोटी रास दिसते. रंग पांढऱ्यापेक्षा मातकट. सोबत एखादी केसाळ, तपकिरी, पोकळ कात सापडते. हा अँथ्रेनस नावाच्या भुंगेऱ्याच्या अळीचा उद्योग. अळी तीन ते पाच मिलिमीटर, अंगभर केस. प्रौढ भुंगेरा जेमतेम तीन मिलिमीटरचा, गोलसर, ठिपक्याठिपक्यांचा. तो फुलांतले परागकण खातो आणि खिडकीच्या काचेवर निरुपद्रवी फिरताना दिसतो. खाऊन नाश करते ती अळी. वरून कीटक जसाच्या तसा दिसतो, आतून पोकळ झालेला असतो. धक्का लागला की पंख गळून पडतात, तेव्हा कळतं.

तिसरं पांढरं खुद्द डांबरगोळीचं. दिवसा पेटी तापली की नॅप्थलीन जास्त उडतं, आणि रात्री गारवा आला की ते सापडेल त्या थंड जागेवर पुन्हा गोठतं. चकचकीत पापुद्रे किंवा सुया. लोक याला बुरशी समजतात आणि उपाय म्हणून आणखी डांबरगोळ्या टाकतात! ओळखायची खूण सोपी. हे स्फटिक पिनच्या डोक्यावर आणि काचेच्या आतल्या बाजूलाही बसतात. कापसासारखी बुरशी अशी स्टीलच्या पिनवर सहसा चढत नाही. गोळ्या काढून पेटी सावलीत, वाऱ्यावर एक-दोन दिवस उघडी ठेवली की स्फटिक निघून जातात, काही पुसावं लागत नाही. (पिनच्या गळ्याशी हिरवा, मेणचट गोळा दिसला तर ती पितळी टाचणीची करामत. शिवणकामाच्या टाचण्या वापरू नका, इतकंच त्यावर सांगण्यासारखं आहे.)

एवढं ओळखलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं. भुगा असेल तर डांबरगोळीही उपयोगाची नाही, हे अनेकांना पटत नाही. बाहेरच्या किड्याला ती नकोशी होते, पण अळी एकदा भुंग्याच्या पोटात शिरली की घरगुती पेटीत साठते तेवढ्या वाफेने ती मरेलच असं नाही. तिला फ्रीजर. पेटी किंवा तो एकटा नमुना जाड पॉलिथीन पिशवीत घालून हवा काढून बंद करायचा आणि उणे 18 अंशांत दोन आठवडे ठेवायचा. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा एवढा गार होत नाही. वेगळ्या दाराचा फ्रीजर हवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. घाईने उघडली की बाहेरची दमट हवा थंडगार भुंग्यावर पाणी होऊन बसते, आणि कीड मारायला गेलेल्या माणसाला चौथ्या दिवशी बुरशी मिळते. फ्रीजरने बीजाणू मरत नाहीत. ते वाट बघतात.

बुरशी असेल तर मुळाशी पाणीच असतं, औषधाची कमतरता नव्हे. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी येते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात 80 च्या वर आकडा ही रोजची गोष्ट. त्यातून नमुना मुळात वाळलेलाच नसेल तर प्रश्नच मिटला. माडावरचा गेंडा भुंगा घ्या. नारळाची कीड म्हणून बागायतदार तो शेणखताच्या खड्ड्यातून वेचून मारतातच, म्हणून सुरुवातीला टोचायला चांगला. (रानातून काहीही उचलण्याआधी वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या अनुसूची बघा. त्यांत बरीच फुलपाखरं आहेत. अभयारण्यात तर मेलेलंही उचलू नये.) एवढ्या जाड अंगाचा भुंगा मोकळ्या हवेत पावसाळ्यात वाळतच नाही, आतून कुजतो. हवाबंद पाच लिटरच्या डब्यात तळाला पाव किलो सिलिका जेल, वर जाळी, त्यावर टोचलेला भुंगा. मधमाशीला आठवडा पुरे, गेंडा भुंग्याला तीन ते चार आठवडे. नाकतोडा किंवा प्रार्थनाकीटक असेल तर पोटाला खालून चीर देऊन आतलं काढून कापूस भरल्याशिवाय नाहीच. वाळला की नाही हे पिनच्या टोकाने पोटाला हलकेच ढोसून कळतं. पोट एकटं हललं तर अजून ओलं आहे; अख्खा भुंगा एकदम हलला तर झालं.

निळं जेल गुलाबी झालं की 110 ते 120 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवून पुन्हा वापरता येतं. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून खाण्याच्या भांड्यात ते भाजू नका. आणि जेलऐवजी तांदूळ घालायची टूम कुणी काढली देव जाणे. तांदळातच बारा-तेरा टक्के पाणी असतं, तो शोषून शोषून किती शोषणार? वर टोके येतात ते वेगळेच.

मग ओव्याच्या फुलाचं काम कुठे? जिथे ओलावा टाळताच येत नाही तिथे, म्हणजे मऊ करायच्या डब्यात. कडक वाळलेलं फुलपाखरू पंख पसरण्याआधी दमट हवेत ठेवून सैल करावं लागतं, आणि ती हवा बुरशीलाही तितकीच मानवते. झाकणाच्या डब्यात उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवलेली वाळू दोन सेंटिमीटर, इतपतच ओली की दाबल्यावर पाणी सुटू नये. वर जाळी. बाटलीच्या बुचात हरभऱ्याएवढा थायमॉलचा खडा ठेवून ते बूच कोपऱ्यात. झाकणाच्या आतून टिश्यू पेपर चिकटवा, नाहीतर थेंब पंखांवर पडतात आणि डाग जात नाहीत. छोट्या पतंगाला एक दिवस, मोठ्या फुलपाखराला दोन-तीन. रोज उघडून बघा. भुंग्यांसाठी मात्र हा खटाटोप करूच नये. उकळत्या नव्हे, हाताला चटका बसेल इतपत गरम पाण्यात वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवले की सांधे मोकळे होतात.

काही जुन्या हस्तपुस्तिकांत याच डब्यात नॅप्थलीन टाका असं लिहिलेलं सापडतं, आणि बहुधा त्यातूनच दोघांची अदलाबदल रूढ झाली असावी. आपल्याकडच्या जुलैच्या उष्ण हवेत तिसऱ्या दिवशी त्याचा भरवसा उरत नाही. थायमॉलचा निदान आठवडाभर असतो.

कायमच्या पेटीत थायमॉल ठेवूनही काही हरकत नाही, पण तो दमटपणा शोषत नाही. उडून गेला की बुरशी पुन्हा हजर. पेटीला हवाबंद कड, कोपऱ्यात जेलची पुडी, आणि तीन-चारशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक, आकडा 45 ते 50 च्या आसपास. 40 च्या खाली नेऊ नका. मिशा काड्यांसारख्या तुटतात. कोरडेपणाचा आणखी एक फायदा म्हणजे बुकलाइस. जुन्या पुस्तकांत पळतात त्या मिलिमीटरभर फिकट उवा मुख्यतः बुरशी खातात आणि कोरड्या हवेत सुकून मरतात. बुरशी गेली की त्याही जातात. एवढ्या एका ठिकाणी बुरशी आणि कीड यांचा खरोखर संबंध आहे.

आलेली बुरशी काढायची असेल तर नमुना आधी दोन दिवस जेलच्या डब्यात कोरडा करा. धागे ठिसूळ होतात. मग पेटीपासून लांब, दुसऱ्या खोलीत, तोंडाला मास्क लावून भुंग्यावरून स्पिरिटमध्ये बुडवलेला शून्य नंबरचा ब्रश फिरवा. केसाळ मधमाशीला स्पिरिट लावलं की केस चिकटतात, ती वाळेपर्यंत कोरड्या ब्रशने फुलवत राहावं लागतं. फुलपाखराच्या पंखावर ब्रश नको. बुरशीबरोबर खवलेही निघतात, आणि मग पंखाला टक्कल पडतं. भुगा आणि बुरशी दोन्ही असतील तर क्रम उलटा करू नका: आधी वाळवणं, मग जेलच्या पुडीसह पिशवीत बंद करून फ्रीजर.

‘डांबरगोळी आणि ओव्याचं फूल दोन्ही पेटीत टाकू, काहीतरी लागू पडेल’ असा विचार करणाऱ्यांनी अमृतधारा आठवावी. कापूर आणि ओव्याचं फूल दोन्ही कोरडे खडे, पण एकमेकांना लागले की काही मिनिटांत पाणी होतं. त्या औषधाची सगळी किमया हीच. डांबरगोळी म्हणून आणलेली गोळी कापराची निघाली आणि पेटीत तेच घडलं, की तो द्रव खालच्या लेबलावर ओघळतो, शाई पसरते, आणि नाव-गाव-तारीख गेलेला नमुना अभ्यासाला शून्य किमतीचा. नॅप्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेंझिन एकत्र ठेवल्यावरही असंच पाणी सुटतं. आणि ही जोडी नकळत जमते, कारण बाजारात दोन्हींना डांबरगोळीच म्हणतात.

त्यांची ओळख स्वयंपाकघरात पटते. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात 100 मिलिलिटर कोमट पाण्यात 35 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवलेलं. गोळीचा तुकडा टाकून बुडबुडे झटका. साध्या पाण्यावर तरंगला तर कापूर. साध्यात बुडून मिठाच्या पाण्यात वर आला तर नॅप्थलीन. दोन्हींत तळाला गेला तर पॅराडायक्लोरोबेंझिन, मुतारीत टाकतात ती गोळी. ती थर्माकोलच्या पेटीत ठेवली तर तळ विरघळून भुंगे आडवे होतात.