हार्मोनच्या आजारांवरच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये नाव कसं नोंदवायचं? सोलापूरकरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

थायरॉइडची रोजची गोळी चालू आहे, शुगर आटोक्यात आहे, अशांना या माहितीची सहसा गरज पडत नाही. हे लिहितोय ते पिट्युटरीची (मेंदूखालच्या ग्रंथीची) गाठ, कुशिंग (अंगात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होणं), अ‍ॅक्रोमेगली (वाढीचं हार्मोन जास्त होणं), अ‍ॅड्रिनलची (किडनीवरच्या ग्रंथीची) गाठ, फिओक्रोमोसायटोमा (अ‍ॅड्रिनलचीच, बीपी वाढवणारी गाठ), पॅराथायरॉइडची गाठ, थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर किंवा न्यूरोएंडोक्राइन ट्युमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) असं निदान हातात पडलेल्यांसाठी. हे आजार विरळ. सोलापुरातले डॉक्टर निदानापर्यंत नेतात आणि म्हणतात, "यावर मुंबईला एखादा अभ्यास चालू आहे का, चौकशी करा." ही चौकशी नेमकी कुठे करायची, ते मात्र कुणी सांगत नाही.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. ट्रायल म्हणजे हमखास उपचार नव्हे. नवं औषध चालतं का, किती डोसमध्ये, कुणाला सोसत नाही, हे अजून ठरलेलं नसतं म्हणूनच ट्रायल असते. तुम्हाला नवं औषध मिळेल की नेहमीचं, हे पुष्कळदा कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टरांनाही ते माहीत नसतं. काही अभ्यासांत तर औषधच नसतं. फक्त रक्त, गाठीचा तुकडा, जनुकीय तपासणी आणि काही वर्षं आजारावर लक्ष. त्यातही भाग घेण्यासारखं बरंच असतं, विशेषतः आजार घराण्यात चालत आलेला असेल तर. मेन-२ या आनुवंशिक आजारात (यात थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर घराण्यात चालत येतो) आरईटी जनुकातला बदल सापडला की अजून काहीच त्रास नसलेल्या मुलाबाळांचीही वेळेत तपासणी करता येते.

चालू ट्रायल कुठे सापडतात?

सरकारी पोर्टलवर अर्ज भरला आणि नंबर लागला, असं इथे होत नाही. सुरुवात होते क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियापासून, म्हणजे सीटीआरआय. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने ही नोंदवही २००७ मध्ये सुरू केली. १५ जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलची इथे नोंद सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. वेबसाइट कुणालाही फुकट बघता येते. शोधाच्या चौकटीत आजाराचं नाव इंग्रजीत टाका. स्पेलिंग रिपोर्टवरून जसंच्या तसं उतरवा. नोंद उघडली की चार जागा बघायच्या: भरती चालू आहे की बंद, केंद्रं कोणत्या शहरांत आहेत, एथिक्स कमिटीची (रुग्णांच्या हिताची राखण करणाऱ्या समितीची) मंजुरी मिळालीय का, आणि कुणाला घेणार, कुणाला नाही याच्या अटी. संपर्काचा फोन आणि ईमेल त्याच पानावर असतो.

सोलापूरचं नाव केंद्रांच्या यादीत दिसलं तर उत्तमच. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा शहरातली मोठी रुग्णालयं आधी बघून घ्या. विरळ गाठींसाठी मात्र बहुतेक वेळा परळ गाठावं लागतं: केईएमचा एंडोक्रायनॉलॉजी विभाग, आणि कॅन्सर असेल तर टाटा मेमोरियल. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी दादर. पण तिकीट काढण्याआधी फोन करा, कारण वेबसाइटवर भरती चालू दिसते आणि जागा भरलेल्या असतात.

कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर "नवीन संशोधन, डायबेटिस मुळापासून बरा, फी अमुक लाख" असं पाठवलं, तर आधी त्याचा सीटीआरआय नंबर मागा. नंबर नसेल तर तिकडे जाऊच नका. नंबर असला तरी केवळ संशोधनासाठी होणाऱ्या तपासण्यांचा आणि औषधाचा खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नाही, असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. डायबेटिससाठी पैसे घेऊन स्टेम सेल देणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा.

पात्रता

प्रत्येक ट्रायलच्या अटी वेगळ्या, पण धाटणी सारखी. निदान कागदावर पक्कं हवं. वय ठरावीक मर्यादेत हवं. लिव्हर-किडनीचे आकडे बरे हवेत. दुसऱ्या ट्रायलमध्ये नाव नको. औषधांच्या ट्रायलमध्ये गरोदर बायकांना बहुधा घेत नाहीत. त्या काळात दिवस राहू नयेत म्हणून काळजी घ्यावी लागते, आणि ही अट बऱ्याचदा नवऱ्यालाही लागू असते.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते आधीच्या औषधांवर. गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, दम्याचा पंप, गोरं करणारी क्रीम, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, या सगळ्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि त्याने कॉर्टिसॉलचा रिपोर्ट पार फिरतो. लाजू नका, सगळं सांगा. पुड्या असतील तर पिशवीसकट घेऊन जा. केस-नखांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिनही थायरॉइडच्या काही तपासण्या चुकवतं.

आणि हे कळकळीने सांगतो: ट्रायलमध्ये बसावं म्हणून स्टेरॉइडची चालू गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावलेल्या माणसाचं बीपी एकाएकी कोसळतं, जीवावर बेततं.

कागदपत्रं

आधार, रेशनकार्ड, प्रवासखर्च मिळणार असेल तर बँक पासबुकाची झेरॉक्स, फोटो. एवढं पाच मिनिटांत होतं. खरी तयारी वैद्यकीय कागदांची.

डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या नोंदी घ्या. एमआरआय, सीटीचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी लागते. ती घरी कॉम्प्युटरवर उघडून बघा, कारण कोरी किंवा चरा पडलेली सीडी परळला पोचल्यावर लक्षात आली तर खेप फुकट जाते. रक्ताच्या रिपोर्टवर नमुना किती वाजता घेतला ते असायला हवं. सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि रात्री अकराचं कॉर्टिसॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाठ काढली असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट, काचेच्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक, तिन्ही मागा. ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथे साध्या कागदावर अर्ज द्यायचा, सोबत मूळ पावती आणि ओळखपत्र. ब्लॉक जपून न्या, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. सोलापूरच्या मे महिन्यात मेण मऊ पडायला वेळ लागत नाही. पोच लिहून घ्या, कारण त्या गाठीचा दुसरा नमुना नसतो.

अ‍ॅक्रोमेगली किंवा कुशिंगचा संशय असेल तर जुने फोटो न्या. लग्नातला, मुलाच्या मुंजीतला, आधारवरचा. नाक, जबडा, बोटं, चेहऱ्याची गोलाई कोणत्या वर्षापासून बदलली ते फोटोवरून कळतं. अंगठी कधी घट्ट झाली, चपलेचा नंबर कधी वाढला, हेही लिहून ठेवा.

फिओक्रोमोसायटोमासाठी चोवीस तासांची लघवी मागतात. पहिल्या दिवशी सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, नंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटची त्यातच. कॅनमध्ये लॅबने आधीच अ‍ॅसिड घातलेलं असेल, ते ओतून धुऊ नका. कॅन थंड जागी, लहान मुलांपासून दूर ठेवा. मधली एखादी चुकली तर तसं सांगा.

संमतीपत्र: इथे घाई नको

ट्रायलसाठीची कुठलीही तपासणी संमतीपत्रावर सही झाल्यावरच होते. नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं. आपल्याकडे घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कितीतरी कुटुंबं आहेत. विडी वळणाऱ्या आजीला मराठी कागद वाचून दाखवून "समजलं ना?" म्हणणं पुरेसं नाही, तिच्या भाषेतला कागद मागा. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा, मगच अंगठा. नव्या औषधाच्या काही ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या रुग्णांच्या संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही सक्तीचं आहे, तेव्हा कॅमेरा बघून बिचकू नका. मूल असेल तर सही आईवडिलांची, पण सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारायची असते.

फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव-पत्ता-नातं विचारतात. लोक ही ओळ कोरी सोडतात. सोडू नका. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई त्याच नॉमिनीला मिळते. कागद घरी न्या, चार माणसांना दाखवा, मग सही करा. सहीची एक प्रत तुमच्याकडे राहिलीच पाहिजे. तिच्यावर डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा नंबर असतो, तो मोबाइलमध्ये सेव्ह करा.

नाव लागल्यावर

भेटींच्या तारखा पाळा, तिकिटं जपून ठेवा. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यायची तरतूद अनेक अभ्यासांत असते. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेची वेगळी सवलत आहे, तिचा दाखला हॉस्पिटलमधून घ्या.

ट्रायल चालू असताना सोलापुरात अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर इथल्या डॉक्टरांना संमतीपत्राची प्रत दाखवा आणि ट्रायलच्या डॉक्टरांना लगेच फोन करा. गंभीर त्रास झाला की त्यांना २४ तासांत वर कळवावं लागतं. इजा झाली तर गरज असेपर्यंत, किंवा त्रास ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत, उपचार मोफत मिळायला हवेत. भरपाईचा आदेश निघाला की प्रायोजकाला, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला, ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात.

मध्येच नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही आणि त्या हॉस्पिटलमधले नेहमीचे उपचार थांबत नाहीत. औषध एकदम तोडायचं की हळूहळू कमी करायचं, तेवढं मात्र विचारून घ्या. औषध लागू पडलं आणि ट्रायल संपली, तर पुढे काय हा प्रश्न सहीच्या आधीच विचारा. दुसरा पर्यायी उपचार नसेल, ट्रायलच्या डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने ती मंजूर केली, तर ट्रायलनंतरही ते औषध मोफत देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे; त्यासाठी रुग्णाची लेखी संमती लागते.