ऊसबिलातली रिकव्हरी: कारखान्याची वेगळी, सोसायटीची वेगळी

सांगली जिल्ह्यात ‘यंदा रिकव्हरी चांगली आहे’ असं कारखान्याचा शेती अधिकारी म्हणाला, तर ऊस उत्पादकाला चार पैसे जादा मिळणार. हेच गावात पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीचा सचिव म्हणाला, तर सभासदांनी कर्जाचे पैसे भरलेत. दोन्हींचा हिशोब एकाच बिलात येतो आणि दोन्ही टक्क्यांत बोलतात, म्हणून गोंधळ होतो.

कारखान्याची रिकव्हरी म्हणजे साखर उतारा. १०० किलो उसातून ११ किलो साखर निघाली, तर उतारा ११ टक्के. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा सरकारने ठरवलेला किमान दर, यावरच ठरते. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे जादा. १२ टक्क्यांना हा आकडा ४,१५५ रुपयांवर जातो. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो, तो वेगळा.

हा उतारा तुमच्या फडाचा नसतो, सगळ्या कारखान्याचा सरासरी असतो. तुम्ही को ८६०३२ जातीचा ऊस चांगला पिकवून घातला, तरी दर सगळ्यांबरोबरच. कोवळा ऊस तोडला, तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की साखर घटते, आणि तो तोटा प्रत्येक सभासदाच्या दरात उतरतो. म्हणून तोडणीची पाळी काटेकोर पाळली जाते का, यावर सभासदांनी डोळा ठेवलाच पाहिजे.

उतारा कुठल्या हंगामाचा धरायचा, यावरूनही मोठा वाद झाला. राज्य सरकारने २०२२ मध्ये चालू हंगामाचा, म्हणजे हंगाम संपल्यावरच कळणारा, उतारा धरून एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. मला हे योग्यच वाटतं. ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांची मुदत आहे, आणि शेतकऱ्याचं कर्ज काही हंगाम संपायची वाट बघत थांबत नाही.

सोसायटीची रिकव्हरी म्हणजे निव्वळ कर्जवसुली. गावाची रिकव्हरी ९० टक्के, म्हणजे येणं असलेल्या १०० रुपयांतले ९० आले. १२ टक्के उतारा कारखान्याला भूषण. १२ टक्के वसुलीत सोसायटी बुडते.

बिलातली सोसायटी कपात ही दरातली घट नव्हे, तुमचंच कर्ज तेवढं कमी झालेलं असतं. फक्त ती रक्कम कर्जखात्यावर कोणत्या तारखेला जमा पडली, ते सचिवाकडून कर्जखात्याच्या उताऱ्यावर (स्टेटमेंटवर) बघून घ्या. व्याज त्या तारखेपर्यंत चालू असतं.