ड्यूसची शिट्टी आली कुठून?

अमेरिकेत जुन्या लष्करी गाड्यांच्या मेळाव्यात अडीच टनी एम-३५ए२ ट्रक दिसण्याआधी ऐकू येतो. आधी बारीक, कानात घुसणारी शिट्टी, आणि इंजिनाची घरघर मागाहून. रेस वाढेल तशी शिट्टीही चढत जाते. सैनिकांच्या बोलीत हा ट्रक ‘ड्यूस’, आणि शिट्टीवाला असेल तर ‘व्हिसलर’. गंमत म्हणजे त्याचं इंजिन ज्या तंत्रावर बेतलंय, ते डिझेलचा आवाज कमी करायला निघालं होतं.

त्याआधीचे ट्रक पेट्रोलवर चालत. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून जास्त संख्येनं बनलेला जीएमसीचा सीसीकेडब्ल्यू सहा सिलिंडरचा, ४.४ लिटरचा. १९५० च्या सुमारास रिओ कंपनीचा एम-३५ आला, तोही पेट्रोलवरच. पुढे लष्कराला मिळेल त्या इंधनावर चालणारं इंजिन हवं झालं. युद्धात टँकरमध्ये काय येईल याचा भरवसा नसतो.

याचं उत्तर जर्मनीत होतं. एमएएन कंपनीचे अभियंते मॉयरर १९५० च्या दशकात डिझेलच्या ठोक्यावर काम करत होते. साधारण डिझेल इंजिनात फवारलेलं इंधन तापलेल्या हवेत साठतं आणि एकदम भडकतं. त्याचाच तो खडखडाट. मॉयररनी पिस्टनच्या माथ्यावर गोल वाटी कोरली आणि बहुतेक इंधन तिच्या भिंतीवर सोडलं. तिथून ते थराथरानं वाफ होऊन जळतं. ठोका मवाळ झाला, आणि इंजिन इंधनाबाबत फारसं चोखंदळही उरलं नाही. लष्कराला भावला तो हा दुसरा गुण. अमेरिकेच्या कॉन्टिनेंटल कंपनीनं परवाना घेतला आणि त्यातून ७.८ लिटरचं एलडी-४६५ आलं. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, अडलंच तर पेट्रोलसुद्धा. कॉम्प्रेशन २२ ला १, म्हणजे सिलिंडरमधली हवा बाविसाव्या भागाइतक्या जागेत दाबली जाते.

पण ते धूर फार काढायचं. काळा धूर म्हणजे शत्रूला दुरून पत्ता सांगणं. म्हणून श्विट्झर कंपनीचा टर्बो जोडला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारं यंत्र. तो मुख्यतः धूर आवरायला. ताकद काही फारशी वाढली नाही, सुमारे १३० अश्वशक्तीच राहिली. टर्बोचं टर्बाइन, म्हणजे धुरावर फिरणारं चाक, बाहेर जाणाऱ्या धुराचे ठोके बोथट करतं, त्यामुळे उभ्या नळीतून येणारा आवाज मऊ असतो. शिट्टी मात्र दुसऱ्या टोकाची. हवा आत ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरची पाती हवा कापतात तेव्हा ती उठते आणि एअर क्लीनरच्या वाटेनं बाहेर पडते. लोक ट्रकच्या मागे माइक धरून उभे राहतात. मला विचाराल तर बॉनेटच्या उजव्या अंगाला उभं राहावं.

सगळे टर्बो शिट्टी मारत नाहीत. टर्बोवाल्या इंजिनाचं एलडीटी-४६५-१सी हे मॉडेल मारतं; त्यानंतरचं १डी बरंच शांत. लष्कराच्या दृष्टीनं ही सुधारणाच. हौशी मंडळी मात्र डीचा टर्बो काढून सीचा बसवतात, म्हणजे लष्करानं मिटवलेला आवाज स्वतःच्या खिशातून परत आणतात.

याच एमएएनच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून शक्तिमान ट्रक बनले. नगर, देवळालीच्या लष्करी भागात वाढलेल्यांना ते चांगले आठवत असतील.

१९९० च्या दशकात अमेरिकेनं काही ड्यूसना कॅटरपिलरचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअर देऊन ए३ केलं. शिट्टी गेली. उरलेले ए२ लिलावात निघाले आणि हौशी लोकांच्या अंगणात पोचले. घेताना इंजिनाच्या प्लेटवरचं ‘सी’ वाचून भुलू नये. मधल्या काळात टर्बो बदललेला असू शकतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रेस द्यायची, दोन सेकंदांत कळतं.