सूर्यासाठी मोजलेली झाडं

अँड्र्यू डग्लस हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये त्यांना एका प्रश्नाने पछाडलं होतं. सूर्यावरचे डाग साधारण 11 वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि कमी होतात. त्याचा पृथ्वीवरच्या हवामानाशी काही संबंध असेल का? हे तपासायला शेकडो वर्षांच्या पावसाच्या नोंदी हव्यात, आणि तशा नोंदी त्या भागात कोणी ठेवलेल्याच नव्हत्या. डग्लस यांचं लक्ष झाडांकडे गेलं. कोरड्या प्रदेशात पाऊस चांगला झाला की खोडातलं त्या वर्षाचं वलय रुंद होतं, दुष्काळ पडला की अगदी अरुंद. 1904 मध्ये फ्लॅगस्टाफ गावाजवळ कापून ठेवलेल्या ओंडक्यांवरची वलयं त्यांनी मोजायला घेतली.

सूर्याच्या चक्राचा ठोस पुरावा त्यांना आयुष्यभर शोधूनही सर्वांना पटेल असा मिळाला नाही. मिळालं ते वेगळंच. एकमेकांपासून कित्येक किलोमीटर दूर असलेल्या झाडांतही वलयांचा क्रम सारखाच होता. दोन रुंद, मग एक केसासारखं बारीक, मग तीन मध्यम. दुष्काळ सगळ्या झाडांनी एकत्रच सोसलेला, त्यामुळे त्याची खूण सगळ्यांत एकाच जागी. याचा अर्थ, जुन्या लाकडाची बाहेरची वलयं जिवंत झाडाच्या आतल्या वलयांशी जुळली, तर ते लाकूड नेमकं कोणत्या वर्षी तोडलं हे सांगता येतं. त्याहून जुनं लाकूड सापडलं की साखळी आणखी मागे नेता येते.

1914 मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधले मानववंशशास्त्रज्ञ क्लार्क विस्लर यांनी डग्लस यांना पत्र लिहिलं. नैऋत्य अमेरिकेत मूळ रहिवाशांची मोठमोठी दगडी वसतिस्थानं ओसाड पडलेली होती. ती कधी बांधली, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पण त्यांच्या छपरांना लाकडी तुळया होत्या. डग्लस कामाला लागले आणि वर्षानुवर्षं एका विचित्र अडचणीत अडकून राहिले. अवशेषांतल्या तुळयांची आपापसात छान साखळी जुळली, 585 वर्षांची. कोणतं घर कोणत्या घराच्या आधी हे सांगता येऊ लागलं. पण ही साखळी अधांतरी होती. आजपासून मागे जाणारी साखळी 1260 पर्यंत पोचत होती आणि दोन्हींना जोडणारा दुवा सापडत नव्हता.

22 जून 1929 रोजी ॲरिझोनातल्या शो लो इथे उत्खननात एक जळकी तुळई सापडली. एचएच-39 हा तिचा नोंदणी क्रमांक. लाकडाचा कोळसा झाला की तो ठिसूळ होतो, पण वलयं मात्र स्पष्ट टिकतात. डग्लस यांनी तिच्यावरची वलयं 1237 ते 1380 या वर्षांशी जुळवली, आणि तिच्या आतल्या बाजूचा क्रम अधांतरी साखळीच्या शेवटाशी जुळला. चाको खोऱ्यातल्या प्वेब्लो बोनितो या मोठ्या वसतिस्थानासह कित्येक वास्तूंना एकाच फटक्यात तारखा मिळाल्या. खगोलशास्त्रात सुरू झालेल्या कामाने एका प्रदेशाचा लेखी नसलेला इतिहास सनावळीत बसवला. तो प्रश्न डग्लस यांनी कधी विचारलाही नव्हता.

पुढची गाठ रसायनशास्त्राशी पडली. 1949 मध्ये विलर्ड लिबी यांनी शिकागोमध्ये किरणोत्सारी कार्बन वापरून सेंद्रिय वस्तूंचं वय काढून दाखवलं. यासाठी त्यांना 1960 चं नोबेल पारितोषिक मिळालं. सजीव जिवंत असेपर्यंत हवेतला हा किरणोत्सारी कार्बन, म्हणजे कार्बन-14, घेत राहतो. मेल्यावर आतला साठा ठरलेल्या वेगाने घटत जातो. पद्धत सुरेख, पण तिच्यात एक गृहीतक होतं, की हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण हजारो वर्षं सारखंच राहिलं. ते तपासायचं तर ज्यांची वर्षं नक्की माहीत आहेत अशी जुनी लाकडं हवीत. ती कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये होती. तिथल्या ब्रिसलकोन पाइन जातीची काही झाडं 4,000 वर्षांहून जास्त जगलेली आहेत, आणि मेलेली लाकडं जोडून ही साखळी आणखी मागे नेता आली. हान्स स्यूस यांनी 1960 च्या दशकात त्यातला कार्बन मोजला, तेव्हा गृहीतक चुकीचं निघालं. पाच हजार वर्षांमागच्या वस्तूंची कार्बन-तारीख कित्येक शतकं अलीकडची येत होती.

याचा सर्वांत मोठा धक्का युरोपच्या प्रागैतिहासाला बसला. पश्चिम युरोपातल्या प्रचंड शिळांच्या थडग्यांची कल्पना पूर्वेकडच्या संस्कृतींकडून आली असं तोवर मानत. दुरुस्त तारखांनी त्यांपैकी कित्येक थडगी इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा जुनी ठरवली. कॅलिफोर्नियाच्या डोंगरातली झाडं आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरची थडगी यांचा संबंध आधीच ओळखून एखाद्या समितीने त्यासाठी पैसे मंजूर केले असते, असं मला तरी वाटत नाही.

आणि सूर्य? 2012 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या फुसा मियाके आणि सहकाऱ्यांनी जपानी देवदाराच्या वलयांत कार्बन-14 ची एकदम वाढ टिपली. ती एका वर्षात सुमारे 1.2 टक्के होती आणि साल होतं 774-775. पुढच्या वर्षी त्यांनी 993-994 ची दुसरी वाढ शोधली. सूर्यावरून आलेल्या कणांच्या प्रचंड झोताने हवेत जास्तीचा कार्बन-14 तयार झाला, हे याचं आज सर्वांत जास्त मान्य झालेलं स्पष्टीकरण आहे. आधुनिक काळात मोजलेल्या कोणत्याही सौर झोतापेक्षा हे झोत मोठे असावेत, त्यामुळे उपग्रहांची काळजी वाहणारे लोक आता ही लाकडं बारकाईने पाहतात. सूर्याचा स्वभाव झाडात उतरतो ही डग्लस यांची धारणा अशी दुसऱ्याच वाटेने खरी ठरली. फक्त ती वलयांच्या रुंदीत नव्हती, अणूंत होती.

या खुणेचा एक झळाळता उपयोगही इतिहासातच झाला. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर लान्स ओ मेडोज इथे व्हायकिंग लोकांच्या वस्तीचे अवशेष आहेत. धातूच्या पात्यांनी तोडलेली लाकडं तिथे सापडली होती. त्या काळात तिथल्या स्थानिक लोकांकडे अशी पाती नव्हती. 2021 मध्ये संशोधकांनी तीन वेगवेगळ्या झाडांच्या तुकड्यांत 993 ची खूण शोधली आणि तिथून सालीपर्यंतची वलयं मोजली. तिन्हींत 28. झाडं 1021 साली तोडली गेली होती. युरोपातली माणसं अमेरिकेत होती हे एका नेमक्या सालाने सांगणारा हा सर्वांत जुना पुरावा.

इथवरच्या गोष्टीत निदान लाकूड तरी समान होतं. पुढच्या उदाहरणात तीन ज्ञानशाखा तीन बाजूंनी आल्या.

1980 च्या दशकात भूवैज्ञानिक ब्रायन ॲटवॉटर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या चिखलात हिंडत होते. खाड्यांच्या काठांवर जुन्या दलदलीची काळी माती गाळाखाली गाडलेली दिसत होती आणि मधे वाळूचा पातळ थर. जमीन अचानक खचली आणि वर समुद्राचं पाणी आलं, असाच त्याचा अर्थ लागत होता. शेजारी मेलेल्या सीडर वृक्षांचे सांगाडे उभे होते. मोठा भूकंप झाला होता हे उघड होतं, पण कधी? या किनाऱ्यावर त्या काळच्या लेखी नोंदी नाहीत.

नोंद समुद्रापलीकडे होती. जपानमध्ये जुन्या दफ्तरांतून भूकंप आणि त्सुनामींचे उल्लेख गोळा करण्याची परंपरा आहे. त्यांत जानेवारी 1700 मध्ये किनाऱ्यावरच्या अनेक गावांत शिरलेल्या लाटांची हकिगत होती. मिहो गावच्या मुखियाने तर लिहून ठेवलं होतं, की भूकंप जाणवला नाही तरी पाणी पुन्हा पुन्हा येत राहिलं, याचं कारण कळत नाही. 1996 मध्ये केन्जी साताके आणि सहकाऱ्यांनी लाटांच्या वेळा उलट मोजल्या आणि भूकंप अमेरिकेच्या किनाऱ्यावर 26 जानेवारी 1700 च्या रात्री झाला असं सांगितलं. पुढच्याच वर्षी झाडांची साक्ष आली. खोडांची बाहेरची वलयं कुजली होती, म्हणून संशोधकांनी मुळं खणून काढली. तिथे साल शाबूत होती. झाडं ऑगस्ट 1699 ते मे 1700 या काळात मेली होती. भूकंप जवळपास 9 तीव्रतेचा होता. आज त्या किनाऱ्यावरच्या धोक्याचा अंदाज बांधताना हा भूकंप धरूनच चालावं लागतं.

ज्ञानशाखांची अशी भेट मात्र आपोआप घडत नाही. 1917 मध्ये ऑस्ट्रियाचे गणिती योहान राडोन यांनी एक प्रश्न सोडवला. एखाद्या आकृतीतून जाणाऱ्या सगळ्या रेषांवरची बेरीज माहीत असेल, तर मूळ आकृती परत मिळवता येईल का? 1956 मध्ये रॉनल्ड ब्रेसवेल यांनी रेडिओ खगोलशास्त्रासाठी याच जातीचा प्रश्न सोडवला. त्याच वर्षी केपटाउनच्या ग्रूट स्क्यूर रुग्णालयात आठवड्यातून दीड दिवस काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉर्मॅक क्ष-किरणांनी शरीराच्या आतलं चित्र मिळवण्याबाबत तेच विचारू लागले. त्यांनी स्वतः उत्तर काढून 1963 आणि 1964 मध्ये छापलं. प्रतिसाद जवळजवळ शून्य. निबंधाची प्रत मागणाऱ्यांत स्वित्झर्लंडचं हिमस्खलन संशोधन केंद्र होतं. राडोन यांचं काम कॉर्मॅक यांना पुढे कित्येक वर्षांनी कळलं. सीटी स्कॅनसाठी त्यांना 1979 चं नोबेल गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्याबरोबर मिळालं. उत्तर चार दशकं ग्रंथालयात पडून होतं, गणिताच्या कपाटात.

ही अडचणच कोणी संशोधनाचा विषय केली असेल, तर शिकागो विद्यापीठाच्या डॉन स्वॉन्सन यांनी. ते ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे अभ्यासक होते, वैद्यकातले नव्हते. रेनॉ विकारात थंडीने बोटांचा रक्तपुरवठा आकसतो. त्यावरच्या निबंधांत रक्ताचा दाटपणा आणि रक्तकणिकांचं चिकटणं यांचा उल्लेख होता. माशांच्या तेलावरच्या निबंधांत हेच दोन्ही कमी होतात असं लिहिलेलं होतं. दोन्ही गट एकमेकांचे निबंध उद्धृत करत नव्हते. 1986 मध्ये स्वॉन्सन यांनी निव्वळ वाचून हा संबंध मांडला, आणि 1989 च्या एका छोट्या चाचणीत काही रुग्णांना फायदा दिसला. 1988 मध्ये त्यांनी अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांच्यातले 11 दुर्लक्षित दुवे दाखवले.

त्यांनी सुरू केलेलं हे काम आता संगणक करू लागले आहेत, लाखो सारांश चाळून. मला त्याचं खरंच कौतुक आहे. पण संगणकाला सापडतं ते आधी कोणीतरी लिहून, नीट सूचीत घालून ठेवलेलं. मिहोच्या मुखियाची नोंद सापडायला जुनी जपानी लिपी वाचणारी माणसं लागली, आणि ती वाचत होती तेव्हा अमेरिकेतल्या भूकंपाची त्यांना कल्पनाही नव्हती. जुन्या लिप्यांचे अभ्यासक्रम जेव्हा विद्यार्थी कमी म्हणून बंद होतात, तेव्हा हिशेबात शिक्षकाचा पगार धरला जातो. भूकंपशास्त्राचं त्यात काय जाईल, हा रकाना त्या कागदावर नसतो.