कोळसा झालेली ग्रंथशाळा

घट्ट गुंडाळलेली सुरळीची वडी चुलीत पडून पार कोळसा झाली आहे, वर दडपणाखाली चपटी झाली आहे, आणि कुणी म्हणतंय, 'न मोडता आतल्या पापुद्र्यावर काय लिहिलंय ते वाच.' हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्यांपुढे बसलेल्या अभ्यासकांची अडीचशे वर्षं हीच गत होती.

इ.स. 79 मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेईचं हे शेजारी गाव सुमारे 20 मीटर खाली गाडलं गेलं. 1752 मध्ये तिथल्या एका आलिशान वाड्यात भुयारं खणताना काळे ओंडके सापडू लागले. कोळसाच समजून काही फेकूनही दिले म्हणे. ते निघाले पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाचे, ग्रंथ. तुकडे धरून अठराशेच्या वर नोंदी आहेत.

एरवी इटलीच्या दमट हवेत पपायरस कधीच कुजून गेला असता. इथे तापलेल्या राखेच्या लोटांनी सगळं असं झाकलं की हवाच मिळाली नाही. कोळशाच्या भट्टीत लाकडाचं होतं तेच झालं, राख न होता कोळसा. आगीतून ग्रंथ वाचले, मग माणसांच्या हाती पडले. आधी काही सरळ सुरीने उभे चिरले. नंतर पियाजिओ नावाच्या पाद्र्याने रेशमी धाग्यांना टांगून गुंडाळी केसाकेसाने उलगडणारं यंत्र केलं. पहिल्या ग्रंथाला काही वर्षं लागली. तो निघाला फिलोडिमसचा, संगीतावरचा. हा ग्रीक विचारवंत एपिक्युरसच्या पंथाचा तत्त्वज्ञ. वाड्यातले बरेचसे ग्रंथ त्याचेच आहेत.

न उघडता वाचायचं तर क्ष-किरण हवेत. 2015 मध्ये अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स यांच्या चमूने इस्रायलमधल्या एन-गेदीची जळकी गुंडाळी संगणकावर उलगडली, पण तिच्या शाईत धातू होता. हर्क्युलेनियमची शाई काजळी आणि डिंकाची, आपल्या जुन्या पोथ्यांसारखी. कोळशावर काजळी. क्ष-किरणांना दोन्ही कार्बनच, फरक दिसणार कसा?

फरक होता, रंगाचा नव्हे, पोताचा. शाई वाळली की तिचा पातळ थर बसतो आणि सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या त्याला भेगा पडतात. 2023 मध्ये बक्षीस लावून या गुंडाळ्यांचे क्ष-किरण स्कॅन सर्वांना खुले केले, तेव्हा स्पर्धेत उतरलेल्या केसी हँडमर यांना तासन्‌तास टक लावून पाहताना या भेगा दिसल्या. त्यावरून ल्यूक फॅरिटर या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाला शिकवलं, आणि एक शब्द उमटला, 'पोर्फिरास', म्हणजे जांभळा. मला विचाराल तर शोध हँडमर यांच्या डोळ्यांचा. यंत्राने तो पुढे नेला.

फेब्रुवारी 2024 मध्ये फॅरिटर, युसेफ नादर आणि ज्युलियन शिलिगर यांना 7 लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. दोन हजारांवर अक्षरं वाचली गेली होती, तरी ती एका गुंडाळीचा जेमतेम 5 टक्के भाग. विषय सुखाचा. लेखक, बहुधा फिलोडिमसच, खाण्यापिण्याचं उदाहरण देतो: एखादी गोष्ट दुर्मीळ आहे एवढ्यावरून ती मुबलक मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा जास्त सुख देते, असं आपण लगेच मानत नाही.

जगातल्या सर्वांत दुर्मीळ ग्रंथांपैकी एकात हे वाक्य निघावं! शेकडो गुंडाळ्या अजून बंदच आहेत, बहुतेक नेपल्समध्ये.