"मला तर बघताक्षणीच कळलं होतं!"

'अमेरिकन मर्डर: द फॅमिली नेक्स्ट डोअर' ही डॉक्युमेंटरी नेटफ्लिक्सवर आली 30 सप्टेंबर 2020 रोजी. तेव्हापासून ती पाहिलेलं कुणीही भेटो, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला एक विधान हमखास येतं: "मला तर त्याला बघताक्षणीच कळलं होतं!" कुणाला त्यातल्या खुनी नवऱ्याची हातांची घडी खटकलेली असते, कुणाला त्याचं डोलत उभं राहणं. आमच्या एका मावशीने तर निकालच दिला, "डोळ्यांत टिपूस नाही मेल्याच्या, तिथंच ओळखलं मी." यूट्यूबवर देहबोलीतज्ज्ञांचं पीक आलंय ते वेगळंच.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फ्रेडरिक नावाचं छोटं गाव आहे. 13 ऑगस्ट 2018 रोजी तिथून शनॅन वॉट्स ही गरोदर बाई आणि तिच्या दोन लहान मुली बेपत्ता झाल्या. दुसऱ्या दिवशी नवरा, ख्रिस वॉट्स, घराच्या ओसरीत उभा राहून टीव्हीवाल्यांसमोर त्यांना म्हणाला, परत या. 15 तारखेला त्याला अटक झाली. नोव्हेंबरमध्ये त्याने तिघींच्या खुनाचा गुन्हा कबूल केला आणि जन्मठेपा झाल्या. डॉक्युमेंटरीत निवेदक नाही, आठवणी सांगणाऱ्यांच्या नव्या मुलाखती नाहीत. पोलिसांच्या अंगावरचे कॅमेरे, फोनमधले मेसेज, फेसबुकवरचे व्हिडिओ, एवढ्यावरच ती उभी आहे. त्यामुळे प्रेक्षकाला वाटतं की कच्चा पुरावा आपल्यासमोर आहे आणि तपास आपणच करतोय.

पण तपास सुरू होण्याआधीच उत्तर हातात होतं. ही खुनाची गोष्ट आहे हे नावातच आहे. खुनी कोण ते बहुतेकांना बातम्यांतून, ट्रेलरवरून किंवा आधी पाहिलेल्या मैत्रिणीकडून कळलेलं होतं.

उत्तर माहीत असलं की डोकं काय करतं, यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो, आणि योगायोगाने त्यात आपल्या शेजारचं युद्ध आहे. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना 1814 च्या इंग्रज-गुरखा लढाईचा छोटा उतारा वाचायला दिला. इंग्रजांकडे शिस्त आणि तोफा, गुरख्यांकडे डोंगर आणि धाडस, असा दोन्ही पारड्यांत वजन असलेला. शेवट चारपैकी कुठलाही होऊ शकत होता: इंग्रज जिंकले, गुरखे जिंकले, कोंडी होऊन तह झाला, कोंडी होऊन तहही झाला नाही. एका गटाला शेवट सांगितलाच नाही. बाकीच्या गटांना एकेक वेगळा शेवट 'हेच घडलं' म्हणून सांगितला. मग सगळ्यांना विचारलं, की फक्त उताऱ्यातली माहिती बघून प्रत्येक शक्यतेला किती टक्के द्याल.

शेवट न कळलेल्या गटाने इंग्रजांच्या विजयाला सरासरी 34 टक्के दिले. 'इंग्रज जिंकले' असं सांगितलेल्या गटाने दिले 57. गुरखे जिंकल्याचं ज्यांना सांगितलं, त्यांचा आकडा गुरख्यांच्या बाजूने असाच फुगला. उतारा तोच, अक्षरन्‌अक्षर तोच.

खरी गंमत याच्या पुढे आहे. उताऱ्यातली कुठली माहिती महत्त्वाची होती, असंही त्याने विचारलं होतं. सांगितलेल्या शेवटाप्रमाणे तेही बदललं! म्हणजे शेवट कळला की फक्त अंदाज सरकत नाही, पुराव्यांची वर्णी नव्याने लागते. शेवटाला जुळणारे तपशील पुढे येतात, न जुळणारे मागे सरतात, आणि हे उलटंपालटं आपण केलंय याचा मागमूस राहत नाही. आठवण काही पेटीत ठेवलेल्या कागदासारखी जशीच्या तशी निघत नाही, ती दर वेळी जुळवावी लागते आणि जुळवताना आजची माहिती त्यात मिसळते. त्यामुळे 'मला आधीच कळलं होतं' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच तसं आठवत असतं. पुढच्या प्रयोगांत फिशहॉफने लोकांना या दोषाची आधी कल्पना देऊन पाहिली, सावध राहा म्हणून सांगून पाहिलं. फारसा फरक पडला नाही.

आता ख्रिसची हातांची घडी बघा. शेवट माहीत असताना ती 'काहीतरी लपवतोय'. तो निर्दोष निघाला असता तर तीच घडी 'बिचारा कसाबसा सावरतोय' झाली असती. रडला असता तर? मगरीचे अश्रू. म्हणजे कुठल्याही निकालात हा पुरावा बसतोच. मग तो पुरावा कसला?

यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, पण काही जणांना माणूस ओळखता येतोच की. इथे आकडे निर्दय आहेत. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 मध्ये खोटं ओळखण्यावरच्या प्रयोगांची एकत्र मोजदाद केली. त्यांत निवाडा करणारे 24 हजारांहून जास्त लोक होते. बरोबर उत्तरं सरासरी 54 टक्के. नाणं उडवलं तर 50. फोड करून पाहिलं तर खरं बोलणाऱ्यांपैकी 61 टक्के 'खरे' म्हणून ओळखले गेले, आणि खोटं बोलणाऱ्यांपैकी फक्त 47 टक्के पकडले गेले.

या दोन आकड्यांवर थोडं गणित करू. आकडे गृहीत आहेत, पण हिशेब खरा आहे. बायको बेपत्ता झालेले 100 नवरे टीव्हीवर आले आणि त्यातले 10 खोटारडे आहेत असं धरा. त्या 10 पैकी 47 टक्के, म्हणजे साधारण 5 जण पकडले जातील. उरलेल्या 90 निर्दोषांपैकी 39 टक्के, म्हणजे 35 जणांवरही 'खोटारडा' असा शिक्का बसेल. शिक्का बसलेले एकूण 40, त्यात 35 निर्दोष! या 35 जणांवर डॉक्युमेंटरी निघत नाही. बायको माहेरी किंवा इस्पितळात सापडते आणि विषय संपतो. त्यामुळे आपला चुकलेला अंदाज आपल्याला कधी दिसतच नाही, बरोबर आलेला तेवढा नेटफ्लिक्सवर दिसतो.

प्रयोगशाळेतलं लुटुपुटीचं खोटं वेगळं आणि खुनानंतरचं वेगळं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ऑल्डर्ट व्राय आणि सामंथा मान यांनी ब्रिटनमधल्या खऱ्या पत्रकार परिषदांच्या फिती घेतल्या. नातेवाईक लोकांपुढे मदतीची याचना करतायत आणि त्यातल्या काहींनी स्वतःच खून केलाय, अशा. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फिती पाहणारे पोलीस अधिकारी होते. निकाल पुन्हा नाणेफेकीच्याच आसपास. पुढे लीन टेन ब्रिंक आणि स्टीफन पोर्टर यांनी अशी याचना करणाऱ्या 52 जणांच्या फिती चौकट-चौकट थांबवून मोजल्या, तेव्हा कपाळाच्या आणि ओठांजवळच्या काही स्नायूंच्या हालचालीत फरक सापडले. भुवया आक्रसणारा स्नायू खऱ्या दुःखात जास्त वेळ आकुंचन पावतो, तो मुद्दाम हलवणं कठीण जातं वगैरे. पण हे मोजमाप प्रशिक्षित माणसांनी संथ गतीने केलेलं आहे, सोफ्यावरून नव्हे.

मग डॉक्युमेंटरीतला तो शेजारी? त्याला तर तिथल्या तिथे संशय आला होता! खरं आहे, आणि म्हणूनच तो प्रसंग नीट बघण्यासारखा आहे. त्याने नवऱ्याचं वागणं 'सगळ्या नवऱ्यांच्या वागण्या'शी ताडून पाहिलं नाही. एरवी शांत असलेला हा माणूस आज अखंड बोलतोय, चुळबुळतोय, एवढंच त्याने पोलिसाला सांगितलं. त्याच्याकडे त्या एका माणसाची नेहमीची पातळी होती, आणि जोडीला पहाटे निघालेल्या ख्रिसच्या ट्रकचं सीसीटीव्ही चित्रण. प्रेक्षकाकडे यातलं पहिलं नसतं.

प्रेक्षकांचा 'नवराच असणार' हा संशय तरीही अगदीच हवेतला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगभरात सुमारे 51,100 महिला आणि मुलींचा जीव जोडीदाराने किंवा घरच्याच कुणी घेतला, दिवसाला 140. संशयाला आधार द्यायचा तर हा आकडा द्यावा. श्रेय मात्र डोळ्यांतल्या टिपुसाला मिळतं.

टिपुसावरून एका बाईचं काय झालं तेही सांगतो. ऑस्ट्रेलियात उलुरूच्या पायथ्याशी 1980 मध्ये लिंडी चेंबरलेनची तान्ही मुलगी तंबूतून नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने नेली असं ती सांगत राहिली. पण टीव्हीवर ती रडेना, थंडपणे बोलायची, म्हणून देशाने तिला आधीच दोषी ठरवलं. घराणं वेगळ्या ख्रिस्ती पंथाचं, म्हणून नरबळीची आवईसुद्धा उठली. सुशिक्षित, शहरी, विसाव्या शतकातली माणसं हे चवीने बोलत होती. अंधश्रद्धा म्हणजे फक्त लिंबू-मिरची नव्हे. 1982 मध्ये जन्मठेप झाली. गाडीत सापडलेलं 'बाळाचं रक्त' हा मोठा पुरावा होता. पुढे त्यातलं बरंचसं आवाज दाबण्यासाठी गाडीला फवारलेलं रसायन निघालं. 1986 मध्ये बाळाचं जॅकेट डिंगोंच्या वावराच्या जागी सापडलं आणि ती सुटली. मृत्यूच्या दाखल्यावर डिंगोचं नाव यायला 2012 उजाडलं.

यंत्राबद्दलही दोन शब्द. ख्रिस पॉलिग्राफमध्ये नापास होतो आणि मग कबुली देतो, हे पाहून अनेकांचा यंत्रावर विश्वास बसतो. पॉलिग्राफ श्वास, रक्तदाब आणि त्वचेचा ओलावा मोजतो. खोटं मोजत नाही. घाबरलेल्या निर्दोष माणसालाही घाम येतोच. चाचणीनंतरची चौकशी आणि 'यंत्राने पकडलं' ही धास्ती कबुली काढायला उपयोगी पडते, एवढंच. आपल्याकडे नार्को आणि ब्रेन मॅपिंगचं असंच कौतुक होतं. पुण्यात 2008 साली एका खून खटल्याच्या निकालात मेंदूच्या अशा चाचणीचा आधार घेतला गेला होता. संमतीशिवाय अशा चाचण्या करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2010 मध्ये सेल्वी खटल्यात स्पष्ट केलं.

प्रेक्षकांची आणखी एक प्रतिक्रिया मला जास्त त्रास देते: "तिला कसं कळलं नाही?" त्याच्यापुढे "तीच जरा डोक्यावर बसलेली होती" हेही येतं. शनॅनच्या वडिलांना 2019 मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं की ऑनलाइन छळ थांबवा. ही पश्चातबुद्धीच आहे, फक्त रोख खुन्याऐवजी मेलेल्या बाईकडे वळलेला. तिचे मेसेज आपण शेवट कळल्यावर वाचतो. तिने ते लिहिले तेव्हा तिला एवढंच दिसत होतं की नवरा दुरावलाय, आणि दुरावलेले बहुतेक नवरे खून करत नाहीत.

धोका आधी ओळखण्याचं शास्त्र आहे, पण ते वेगळ्या वाटेने जातं. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने 1985 पासून घडवलेली एक प्रश्नावली दवाखान्यांत आणि आश्रयगृहांत वापरली जाते. घरात बंदूक आहे का, त्याने कधी गळा आवळलाय का, मारहाण वाढत चाललीय का, तुम्ही त्याला सोडून गेला होता का, तो दिवसभराच्या हालचालींवर पाळत ठेवतो का, असे 20 प्रश्न. उत्तरं बाईने स्वतः द्यायची, जोडीला गेल्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन, मारहाणीच्या तारखांवर खुणा करत. हातांची घडी, नजर किंवा अश्रू यावर त्यात एकही प्रश्न नाही.